हलकी केलेली वाट

आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर रोज सकाळी सूर्य उगवतो. कधी कमळामागून, कधी बुरुजामागून, कधी चहाच्या कपातून. त्याखाली शुभ प्रभात आणि एखादा सुविचार, जो पाठवणाऱ्यानेही वाचलेला नसतो. अशा एका चित्राचं वजन दोन-तीन एमबी. कोणाचा वाढदिवस असला की केकचा फोटो, केक कापतानाचा फोटो, केक भरवतानाचा व्हिडिओ. हे सगळं आम्ही बिनतक्रार डाउनलोड करतो. आणि याच ग्रुपच्या सरांनी डोंगरातल्या एका वाटेची फाइल, जी मुळात एका सूर्याएवढीही नव्हती, 'फार हेवी होते' म्हणून छाटली. मला राग येतो तो इथून सुरू होतो.

छाटण्याला माझा विरोध नाही. माझं पोट त्यावरच चालतं. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी गेली कित्येक वर्षं आहे. आमचे ट्रेलर बंदरांतून माल उचलतात आणि सगळ्या अमिरातींत पोचवतात. प्रत्येक ट्रेलरमध्ये एक डबी असते. ती दर काही सेकंदांनी लिहून ठेवते, मी इथे आहे. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. वाळवंटातला रस्ता सरळसोट असतो, ट्रेलर एकाच वेगाने चाललेला असतो, तरी डबी बिचारी लिहितच असते. एकच गोष्ट हजारदा सांगणाऱ्या माणसासारखी. महिनाअखेरीला या फाइलींचा ढीग सर्व्हरवर चढतो आणि तो बारीक करायचं काम माझ्याकडे येतं.

कसं करतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वाटेच्या पहिल्या आणि शेवटच्या बिंदूमध्ये मनात एक दोरी ताणायची. मधल्या बिंदूंपैकी दोरीपासून सगळ्यात लांब कोणता, ते बघायचं. आपण ठरवलेल्या अंतरापेक्षा तो लांब असेल तर तो ठेवायचा, तिथे दोरीचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा हेच लावायचं. तो जवळच असेल तर मधले सगळे बिंदू फेकून द्यायचे. अर्थात हे मी हाताने करत नाही, प्रोग्रॅम करतो. पण ते अंतर किती, हे माणूस ठरवतो. सगळी अक्कल तिथे लागते.

ट्रेलरसाठी मी पन्नास मीटर ठेवते. रेघ एखाद्या वळणावर रस्ता सोडून वाळूतून जाते, जाऊ दे. ती झालेल्या प्रवासाची नोंद असते. ड्रायव्हर रेघ बघून गाडी चालवत नाही, रस्ता बघून चालवतो. डोंगरातल्या वाटेची फाइल मात्र पुढे चालायला घेतात. तिथे पन्नास मीटर म्हणजे वाट आणि कडा यांच्यातलं सगळं अंतर.

आता सर. त्यांना ग्रुपमध्ये कोणी नावाने हाक मारत नाही. बँकेत वरच्या हुद्द्यावर आहेत, पुण्याकडचे आहेत, आणि दीडशे किल्ले केलेत हे त्यांच्याशी ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत कळतं. मी ते खोटं मानत नाही. पण सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस फार तर भलत्या वाडीत उतरतो. तिथे कोणीतरी गुरं राखत असतं, ते ओरडतं, ‘अवो, तिकडं कुटं चाललाव, हिकडनं जावा.’ मग कोणाच्या तरी पडवीत बसून पाणी, ताक, गप्पा. वाट चुकण्याचा पुढे किस्सा होतो आणि तो वीस वर्षं पुरतो. सरांकडे असे पुष्कळ किस्से आहेत. इथल्या डोंगरात वाडी नाही, गुराखी नाही, झाडही क्वचित. उघडा, तापणारा, हातात सुटणारा दगड आहे. इथे हाक मारली तर आपलीच हाक परत येते. हे त्या दीडशे किल्ल्यांनी त्यांना शिकवलेलं नाही, आणि ग्रुपमधल्या आम्ही बाकीच्यांनी ते विचारायचं धाडस केलं नाही, कारण ट्रेकमध्ये लीडच्या पुढे बोलायचं नाही ही आपली शिस्त. ती आपण इथे पासपोर्टबरोबर घेऊन आलो.

वाट खोर फक्कानच्या अलीकडच्या डोंगरातली होती. आमच्यातल्याच एकाने ती पूर्वी दोनदा चालून नोंदवली होती. तो नंतर कॅनडाला गेला, फाइल ग्रुपवर ठेवून गेला. सरांनी ती घेतली. त्यांच्या घड्याळात काहीशेच बिंदू मावतात, फाइलमध्ये काही हजार होते. मग एका वेबसाइटवर फाइल टाकायची, पट्टी सरकवायची, की बिंदू कमी होतात. घड्याळाला चारशे-पाचशे चालले असते. सरांनी पट्टी ओढत ओढत बिंदू शंभराच्या आत आणले, कारण, त्यांच्याच शब्दांत, ‘लाइन किती क्लीन दिसते बघा!’ त्या क्लीन लाइनचं त्यांनी पोस्टर केलं, खाली भगव्या अक्षरांत ग्रुपचं नाव टाकलं. छत्तीस जणांनी अंगठे दिले. त्यातला एक माझा. पोस्टर होतं ते, मी त्याच्यावर झूम करून बघत नाही.

त्या रविवारी मी माझ्या शेजारणीला घेऊन गेले. अल नहदामध्ये आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत, दारं उघडी असली की तिच्या फोडणीचा वास माझ्या हॉलमध्ये येतो. ती रत्नागिरीकडची, नवरा जहाजांना किराणा पुरवणाऱ्या कंपनीत. मला ताई म्हणते, तो मला भाभी म्हणतो, मी त्याला भाई. नवरा आणि मुलं सोडून ती पहिल्यांदाच कुठे निघाली होती. बूट नवे घेतले होते आणि आठवडाभर घरात घालून हिंडली होती, पायाला सवय व्हावी म्हणून. पेट्रोल पंपावर सगळे जमले तेव्हा ग्रुपमधल्या एकाने तिला विचारलंच, “भाभी, बिर्याणी आणलीत ना?”

“आणलीय. पण वर पोचणाऱ्यांसाठी,” ती म्हणाली. त्या माणसाने खाली स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

पहिला भाग सोपा होता. वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, मग चढ, मग एक छोटी खिंड. खिंडीतून पलीकडे दूर समुद्राची निळी पट्टी दिसते आणि फोनला रेंज येते, म्हणून सगळे थांबतात. तिथून पाऊलवाट डावीकडे वळते. ती मला दिसत होती. दगडावर दगड रचलेली खूण होती, पुढे दुसरी होती, शेळ्यांच्या लेंड्या होत्या. शेळ्या उगाच कुठे जात नाहीत.

सर फोन समोर धरून उभे होते. “चला मंडळी, सरळ.”

“सर, पाऊलवाट डावीकडे जातेय,” मी म्हणाले.

“वहिनी, ट्रॅक सरळ दाखवतोय.”

“तिकडे खुणा आहेत.”

“त्या शेळ्यांच्या वाटा असतात. एकदा ट्रॅक सोडला की मग भरकटायला वेळ लागत नाही. चला, चला, यल्ला.”

मागून कोणीतरी म्हणालं, “अहो वहिनी, सर आहेत ना,” आणि सगळे सरळ निघाले. मीही निघाले.

खिंडीच्या पलीकडे घसारा होता. पायाखाली बारीक दगड सुटत होते. उतार वाढत गेला, आणि वाढत वाढत जिथे संपला तिथे पुढे काही नव्हतं. खाली कोरड्या धबधब्याचा कडा. पुढच्या दोघांनी खाली बघितलं आणि मागे हात केला, थांबा. सर फोन वळवून वळवून बघत होते. रेघ कड्यावरून सरळ खाली जात होती. माणूस जाऊ शकेल अशा कुठल्याही वाटेने नव्हे, तर दोन बिंदूंमध्ये ताणलेल्या दोरीसारखी.

“जरा मागे या, उजवीकडून बघू,” सर म्हणाले. सगळे वळले. त्या वळण्यात शेजारणीच्या पायाखालचा दगड सुटला. ती बसकण मारल्यासारखी खाली गेली, आठ-दहा हात घसरली आणि एका बाहेर आलेल्या खडकाला उजवा पाय अडकून थांबली. तो खडक नसता तर पुढे कडा होता. पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला, असं लोक सांगतात तसं काही झालं नाही. मला फक्त तिचं “ताई” ऐकू आलं, तेही फार मोठ्याने नाही.

दोन काठ्या आणि तीन ओढण्यांची झोळी करून तिला खाली आणलं. दुपार गेली. ग्रुपच्या पुरुषांनी तेव्हा कष्ट घेतले, ते मी नाकारणार नाही. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसले. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये असताना फोन वाजला. ग्रुपवर सरांचा मेसेज होता: ‘आजच्या ट्रेकमध्ये एक सदस्या ट्रॅकपासून किंचित भरकटल्याने किरकोळ दुखापत झाली. सर्वांनी लीडच्या सूचना पाळाव्यात ही विनंती. टीमवर्कमुळे रेस्क्यू यशस्वी!’ खाली टाळ्यांची रांग. आणि रांग संपायच्या आत पुढचं पोस्टर. हाच डोंगर, हीच वाट, दोन आठवड्यांनी, फॅमिली बॅच. ‘लहान मुलांचे स्वागत.’ फाइल तीच.

घरी आल्यावर मी आधी जेवले, मग लॅपटॉप उघडला. ग्रुपवर मागे जात जात, शेकडो सूर्य ओलांडत, कॅनडावाल्याची मूळ फाइल शोधली. सरांची फाइल तिच्यावर ठेवली. माझ्या रोजच्या कामातलं काम, पाच मिनिटांचं. खिंडीपासून मूळ वाट डावीकडे जात होती, कड्याच्या माथ्याला वळसा घालून, नागमोडी उतरून पुन्हा वादीत येत होती. तो सगळा वळसा दोरीपासून चाळीस-बेचाळीस मीटरच्या आत होता. सरांची पट्टी पन्नासच्या आसपास असणार, त्यामुळे गेला. नागमोडी गेली, उंचीचे आकडे गेले. उरले दोन बिंदू, एक खिंडीत, एक वादीत, आणि त्यांच्यामध्ये हवेतून जाणारी रेघ.

याहून राग आला तो दुसऱ्याच गोष्टीने. ती फाइल हलकी करायला एकाही वळणाला हात लावायची गरज नव्हती. कॅनडावाला दोन ठिकाणी जेवायला बसला होता. बसलेल्या माणसाचं घड्याळ गप्प राहत नाही, जागच्या जागी रेघांचं जाळं काढत राहतं. त्या दोन जाळ्यांतच सातआठशे बिंदू होते. ती काढायची. त्याच्या नाडीचे ठोके प्रत्येक बिंदूबरोबर लिहिलेले होते, ते आपल्याला काय करायचेत, तेही काढायचे. वादीतल्या सपाट भागाला दहा मीटर, खिंडीपुढे तीन. झालं. मी केलं तेव्हा ती सरांच्या घड्याळातही मावली असती. पट्टी ओढणं सोपं असतं. आधी फाइल उघडून बघावी लागते, हा त्रास कोण घेणार!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांना आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात बोलावलं. ते आले, हे खरं.

“बसा वहिनी. दोन करक चहा, एकात साखर कमी. कशी आहे त्यांची तब्येत?”

“पाय मोडलाय. सर, ती फाइल काढा. तिच्यात खिंडीपुढचं वळण गळलंय.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. एक रेघ लाल, एक निळी.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. “पण तुम्हीच मागे पिकनिकला सांगत होतात ना, हजार पॉइंटचं काम वीसमध्ये होतं म्हणून?”

“ट्रेलरचं सांगत होते. तुम्ही ट्रेलर आहात का?”

“चिडू नका हो. शेवटी ट्रॅक ही गाइडलाइन असते. डोळे उघडे ठेवून चालायचं असतं.”

“त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून डावीकडे म्हटलं. तेव्हा काय म्हणालात?”

ते चहात चमचा फिरवत राहिले. करकमध्ये साखर आधीच विरघळलेली असते. “हे बघा, तो उतार उजवीकडून उतरता येतो. मी वरून बघितलाय. त्या जरा डावीकडे सरकल्या म्हणून घसरल्या. आता मी अधिकृत फाइल मागे घेतली तर लोकांना काय वाटेल? मुलं येणार म्हणून मी दोर घेतोय बरोबर.”

“दोर कड्यावरून मुलं सोडायला?”

“वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह घेता सगळं.”

“फाइल काढणार की नाही?”

“बघू. इन्शाल्ला.”

या देशात इतकी वर्षं काढल्यावर मला इन्शाल्ला कळतो. भाई म्हणतात तेव्हा त्यात दुआ असते. सर म्हणाले त्याचा अर्थ नाही असा होता.

मी माझी फाइल ग्रुपवर टाकली, सोबत चार ओळी: जुन्या फाइलमध्ये कड्याजवळचं वळण नाही, ही वापरा. तासाभरात दोन्ही गायब. सरांचा मेसेज आला, ‘सदस्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून ग्रुपवर एकच अधिकृत ट्रॅक राहील.’ खाली एकाने विचारलं होतं, वहिनींची फाइल हेवी होती का? त्याच्या प्रश्नाच्या वरच त्याने स्वतः पाठवलेला सूर्य होता.

मग मी फॅमिली बॅचमधल्या आयांना एकेक करून फोन लावले. एकीने नाव मागे घेतलं. दुसरी म्हणाली, मुलाने नवे बूट घेतलेत, आता नाही म्हटलं तर घर डोक्यावर घेईल. तिसरी म्हणाली, “पण सर आहेत ना बरोबर.” चौथीला वाटलं माझं आणि सरांचं काहीतरी भांडण झालंय आणि मी त्यात तिला ओढतेय. ती गोड आवाजात म्हणाली, “जाऊ दे ना ताई, होतं असं ग्रुपमध्ये.”

माझी मुलगी ऐकत होती. “मम्मा, जस्ट लीव्ह द ग्रुप.”

“मी सोडला तर फाइल सुटेल का?”

“यू आर बीइंग सो ड्रॅमॅटिक.”

“कड्यावरून कोणी पडलं की ड्रामा. न पडलं तर ड्रॅमॅटिक. तू जेव.”

सगळ्यात जास्त चिडले मी शेजारणीवर. ती सोफ्यावर पाय वर करून बसली होती, सासूचा गावाहून फोन येऊन गेला होता. डोंगरात मरायला कोणी सांगितलं होतं, वगैरे. मी तिला लॅपटॉपवर दोन रेघा दाखवायला गेले तर तिने मान फिरवली.

“जाऊ दे ताई. माझाच पाय सरकला. मला सवय नाही. सर बोलले ते बरोबर आहे, मी भरकटले असेन.”

“तू कुठे भरकटलीस? तू त्यांच्या मागे तिसरी होतीस.”

“मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही आता भांडू नका माझ्यापायी. लोक हसतात.”

“हसणाऱ्यांना हसू दे. मुलं जाणार आहेत रविवारी तिथून.”

ती उशीचा अभ्रा सरळ करत राहिली. मी लॅपटॉप मिटून घरी आले आणि इतक्या जोरात दार लावलं की मुलगी खोलीतून बाहेर आली.

शनिवारी भाई दारात आले. हातात पिशवी, तोंडावर नेहमीचं शांत हसू. “भाभी, ती जागा मला दाखवाल का? रविवारी सकाळी. ते लोक यायच्या आत.”

“कशाला?”

“बसायला.”

माझ्या मनात तेच होतं. मी फक्त घडीची खुर्ची घेतली.

भाईंना चढायची सवय नव्हती. वादीत ते दर थोड्या वेळाने थांबायचे आणि म्हणायचे, “माशाल्ला, काय दगड आहे!” म्हणजे दम लागला. पण खिंडीत आम्ही ग्रुपच्या बरेच आधी पोचलो. मी खुर्ची उघडली आणि ज्या जागेवरून सरांची रेघ सरळ जाते, बरोबर तिच्यावर ठेवली. भाई शेजारच्या दगडावर बसले, थर्मास काढला, खजूर काढले. वारा गार होता, ऊन चढत होतं. एकदा उठून ते घसाऱ्याच्या तोंडाशी गेले, खाली बघितलं आणि परत येऊन बसले.  मग मुलांना पुरतील का म्हणून खजूर मोजायला लागले.

आधी मुलं आली. मुलं नेहमी आधी येतात, तेच तर भीतीचं होतं. चार-पाच जणं, लाल झालेली तोंडं, एकाच्या हातात बापाचा फोन.

“आंटी, यू आर सिटिंग ऑन द रूट.”

“हो. माहीत आहे.”

“द फोन सेज स्ट्रेट.”

“फोनला उतरू दे मग. तू तिथे बस. खजूर घे.”

त्याने मागे वळून हाक दिली, “पपा, देअर इज अन आंटी ऑन द रूट!” आणि सगळे हसायला लागले. भाईसुद्धा हसले.

मग आया, बाप, टोप्या, काठ्या, आणि सर. खांद्यावर दोराची नवी गुंडाळी, अजून प्लास्टिकची पट्टी न सोडलेली. त्यांनी आधी मला बघितलं, मग भाईंना, मग खुर्चीला.

“वहिनी! तुम्ही इथे?”

“डावीकडे, सर.”

“अहो, पण ट्रॅक...”

“ज्यांना सरळ जायचंय त्यांनी आधी एकेकट्याने पुढे जाऊन खाली बघून यावं. मुलं इथे ठेवून. बघून आल्यावर ठरवा.”

कोणी हललं नाही. मग ती गोड आवाजाची आई, मला जाऊ दे ना म्हणणारी, काठी टेकत पुढे गेली. घसाऱ्याच्या तोंडापर्यंतच गेली. परत आली ती सरळ आपल्या मुलाकडे, आणि त्याचं मनगट धरलं. तो म्हणत होता, “मम्मा, यू आर हर्टिंग मी.”

सर म्हणाले, “तसं उजवीकडून जरा जपून...”

भाई उठले. आवाज चढवला नाही, कधीच चढवत नाहीत. “सर, आमच्या घरातून एक पाय दिला. आता पुरे करा.”

खिंडीत वारा वाहत होता, कोणाच्या तरी फोनवर मेसेज येत होते. सरांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता कबूल करतील.

“अर्थातच डावीकडून!” ते टाळी वाजवून म्हणाले. “मी इथे तेच सांगणार होतो. मंडळी, आपल्या वहिनी आणि भाई आज खास सेफ्टी मार्शल म्हणून आलेत. एक जोरदार टाळी होऊन जाऊ दे!”

टाळ्या झाल्या. एकाने माझा फोटोही काढला, खुर्चीत बसलेली, तोंडात खजूर. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी खजुराची बी थुंकून टाकली आणि हात डावीकडे करून धरला, ट्रॅफिक पोलिसासारखा. लोक एकामागून एक वळायला लागले. पहिल्या खुणेशी मुलं थांबली, रचलेल्या दगडांवर आणखी एकेक दगड ठेवून पुढे गेली.

तेवढ्यात शेजारणीचा फोन. खिंडीत रेंज येते म्हणाले ना.

“ताई, गेले का?”

“जातायत. डावीकडून.”

“पोरं?”

“पोरं आधीच गेली.”

“सर काय म्हणाले?”

मी सांगितलं. सेफ्टी मार्शल, टाळ्या, सगळं.  मग ती म्हणाली, “म्हणजे चुकलो म्हणाले नाहीत?”

“नाही.”

“त्यांनी ग्रुपवर लिहिलेलं अजून आहे. मी भरकटले म्हणून.”

“आहे.”

“ताई, खरं सांगा. त्या दिवशी मी रेघेवरच होते ना?”

“अगदी रेघेवर. मी आत्ता तिथेच बसलेय.”

“मला ती तुमची फाइल पाठवा.” आवाज वेगळा होता, तिचा फोडणी करपल्यावरचा आवाज. “तुमची काढली त्यांनी. माझी काढून दाखवू दे.”

मी पाठवली. दोन मिनिटांनी ग्रुपवर तिचा मेसेज आला. ती ग्रुपवर कधी काही लिहीत नाही, कोणाच्या वाढदिवसालासुद्धा फक्त फूल टाकते. तिने लिहिलं होतं: ‘मी भरकटले नव्हते. सरांच्या रेघेवर होते. रेघ कड्यावर जाते. ही दुसरी फाइल घ्या. वजन कमी आहे, पाय माझा जड झालाय.’

डावीकडच्या वाटेवर एकेकाचे फोन वाजायला लागले. माणसं चालता चालता थांबून वाचत होती. सरही थांबले. त्यांनी वाचलं, अंगठा स्क्रीनवर धरून ठेवला, आणि मान वर केली. पुढचे सगळे मागे वळून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे न बघता चालू लागले.

भाईंनी उरलेला चहा ओतला आणि कप माझ्यापुढे धरला. “भाभी, आता उठलात तरी चालेल.”

खाली वादीतून अजून एक जोडपं हळूहळू वर येत होतं, बाई दर चार पावलांवर थांबत होती.

“शेवटचा माणूस वळू दे,” मी म्हणाले, आणि बसून राहिले.